वळीवर वळी : चाकाशिवाय मडकं घडवायचं तर

मळ्यातली काळी माती आणू नका. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण खान्देशात कुणी मडकं घडवायचं मनावर घेतलं की त्याची पहिली धाव बांधावरच जाते. मीही तेच केलं होतं. कपाशीच्या वावरातून घमेलंभर माती आणली, भिजवली, मळली. अशी लोण्यासारखी मऊ झाली की वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच घरात जन्मलो. चौथ्या दिवशी मडक्याला तळापासून गळ्यापर्यंत भेगा. एप्रिलमध्ये काळ्या रानाला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात ना, अगदी तशाच. त्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना तितकंच आखडतं. कपाशीला ते मानवतं, मडक्याला नाही.

या लेखात चाक नाही आणि विजेची भट्टीही नाही. हाताने लाटलेल्या मातीच्या वळ्या एकीवर एक चढवत वीतभर उंचीचं, रुंद तोंडाचं मडकं कसं उभं करायचं, तेवढंच सांगणार आहे. मी स्वतः कुंभार नाही. सहा-सात वर्षं हौसेने करतोय आणि मोडलेल्या मडक्यांची खापरं अंगणात आंब्याच्या आळ्यात घातली आहेत.

माझी मोठमाय चूल घालायची तेव्हा ती एका दिवसात कधी पुरी करायची नाही. दोन बोटं उंचीचा थर, त्यावर ओलं बारदान, आणि “आज इतलंच” म्हणून हात धुवायची. लहानपणी वाटायचं, कंटाळली. मडकी करायला लागलो तेव्हा कळलं की खालचा थर वरच्याचं वजन पेलण्याइतका घट्ट व्हायची ती वाट बघत होती. वळीकामात तेच करायचं असतं, फक्त थर गोल असतो.

आणि हे काम आपल्या भागाला नवं नाही. तापीकाठच्या प्रकाशे गावी १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. तापीकाठच्याच सावळद्याच्या नावाने ताम्रपाषाण काळातली एक आख्खी संस्कृती ओळखली जाते. त्या काळी रंगवलेली नाजूक भांडी फिरत्या चाकावर होत, पण धान्याचे रांजण आणि जाड भांडी लोक हातानेच घडवत. कंबरेइतका रांजण चाकावर आवरत नाही, हे त्याचं साधं कारण.

कधी बसायचं

दिवाळी झाली की सुरुवात करा आणि होळीपर्यंत पहिली पाच-सहा मडकी करून घ्या. पावसाळ्यात माती वाळत नाही आणि उघड्यावर भाजताही येत नाही. वैशाखात उलटी गत. भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि गरम वारा सुटतो. तुम्ही तिसरी वळी लाटेपर्यंत पहिलीचा काठ पांढरा पडलेला असतो. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे बसा, पंखा बंद ठेवा, दाराला ओलं पोतं लावा. घरचे कुरकुर करतील, करू द्या.

माती

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गावातल्या कुंभाराकडे जाऊन तयार मातीचा गोळा विकत मागणं. वीतभर मडक्याला दोन-अडीच किलो लागते, शिकायचं म्हणून दहा किलो आणा. मी ज्यांच्याकडे जातो त्यांना सगळी गल्ली जिभाऊ म्हणते. त्यांनी पहिल्या वर्षी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, दुसऱ्या वर्षी मीच हट्टाने दिले. त्यांचा हा धंदा आहे आणि माती आणण्यापासून तुडवण्यापर्यंत त्यात दोन-तीन माणसांचं अंग मोडतं. फुकट मागू नये.

स्वतः माती करायची असेल तर नदीच्या वळणावर किंवा तलावाच्या कडेला साचलेला गाळ बघा, आधी जमिनीच्या मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून. आपल्याकडचा गाळही बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या झिजेतूनच आलेला असतो, त्यामुळे तोही आखडतो. पण त्यात बारीक वाळू आधीच मिसळलेली असते आणि तिचा आधार मिळतो.

मूठभर गाळ ओला करा, पेन्सिलीएवढी वळी लाटा आणि बोटाला गुंडाळा. तुकडे पडले तर माती रेताड. न तुटता बसली तर पुढे जा. आता हातपट्टीसारखी एक चपटी पट्टी थापा, तिच्यावर सुईने बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढा आणि सावलीत वाळू द्या. आठवड्याने रेघ मोजा. ९.४ भरली तर उत्तम. ९ च्या खाली गेली तर त्या मातीला वाळू किंवा खापरीचा चुरा पाजावा लागेल. मी या पट्ट्या फेकत नाही, मागे तारीख आणि जागा कोरून ठेवतो. एका डब्यात बोरी, पांझरा आणि गिरणा तिन्ही नद्या मावल्या आहेत.

गाळात पांढरे खडे दिसतात का, तेही बघा. ती चुनखडी. एखादा खडा वेगळा काढून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की फसफसतो. भाजताना या खड्याचा कळीचा चुना होतो. मडकं धडधाकट बाहेर येतं, आणि मग आठवड्याने हवेतली ओल पिऊन तो चुना फुगतो आणि नखाएवढा पापुद्रा उडवतो. हा दोष नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. खडे आधीच चाळून काढणं एवढाच उपाय.

चाळायचं म्हणजे कोरडी माती चाळायची नाही. ती धूळ छातीत जाते. गाळाची ढेकळं आधी कडक उन्हात खडखडीत वाळवा, मग बादलीतल्या पाण्यात सोडा. नवख्यांना हे उलटं वाटतं, पण पूर्ण वाळलेलं ढेकूळ पाण्यात आपोआप फुटून विरघळतं आणि अर्धवट ओलं ढेकूळ चार दिवस तसंच चिवट राहतं. दोन दिवसांनी ती रबडी डासांच्या जाळीच्या तुकड्यातून गाळा, एका दिवसाने वर आलेलं निवळ पाणी ओतून द्या. उरलेला लगदा जुन्या सुती लुगड्यावर पसरा आणि लुगडं विटांवर ठेवा. विटा पाणी शोषतात. कणकेसारखी झाली की उचला.

आता त्यात चार वाट्यांना एक वाटी या मापाने बारीक वाळू किंवा जुन्या खापराची चाळलेली पूड. कुंभार लीदही घालतात. वाळलेली, चुरून चाळलेली लीद भाजताना जळून जाते, मागे बारीक पोकळ्या राहतात आणि माठाचं पाणी जास्त पाझरून जास्त गार होतं. टांगे गेले, गाढवं कमी झाली, आता लीद मिळवणं हेच मोठं काम. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलात तर लोक घोडे बघतील, तुम्ही खाली बघा.

मग तुडवण. थोडी माती असेल तर पाटावर कणीक तिंबतो तशी तिंबायची. गोळा दाबायचा, वळवायचा, पुन्हा दाबायचा, शंभर वेळा. मधूनच गोळा दोऱ्याने कापून बघा. कापलेल्या तोंडावर बुडबुड्यांची भोकं दिसली तर आणखी तिंबा. जास्त माती असेल तर पायाने, आणि हो, गोरोबाकाकांची गोष्ट प्रत्येक पाहुणा तुम्हाला ऐकवणारच. तिंबलेली माती प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून पंधरा दिवस अंधारात ठेवली तर आणखी लवचीक होते. वास येतो. यायलाच हवा.

हत्यारं

लागतात ती घरातच आहेत. फिरवता येईल असा एक पाट (पोळपाट कुणी देणार नाही, लाकडी फळी घ्या), तुटका कंगवा, चमचा, नारळाच्या करवंटीचा तुकडा, नदीतली गुळगुळीत गारगोटी, स्पंजचा तुकडा आणि एक लहान लाकडी थापटणं. पाटावर वर्तमानपत्राचा कागद घाला, नाहीतर मडकं उचलताना तळ पाटालाच राहील.

तळ आणि वळ्या

मोसंबीएवढा गोळा घेऊन भाकरीसारखा थापा. जाडी करंगळीएवढी, रुंदी पसरलेल्या हाताच्या पंज्याहून थोडी कमी. थापून झाल्यावर करवंटीच्या काठाने वरून सगळीकडे दाबत पुसा. तळाला भेग पडते ती बहुधा तळ नुसता पसरला, दाबला नाही म्हणून.

वळी लाटताना सगळे एकच चूक करतात. बोटांच्या टोकांनी लाटतात. वळी मग कुठे जाड, कुठे बारीक होते, मध्येच चपटी पडते. तळहात पूर्ण उघडा ठेवा, बोटं पसरा, आणि वळी मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत पूर्ण फिरेल एवढी लांब फेर द्या. मधून बाहेरच्या बाजूला सरकत जा. ओल्या फडक्याने पाट किंचित ओलसर ठेवा, कोरडी लाकडी फळी वळीतलं पाणी ओढून घेते आणि वाकवताना वळीला बारीक चिरा जातात. जाडी करंगळीएवढी, म्हणजे साधारण १०-१२ मिलिमीटर. पहिल्या दिवशी फक्त वीस वळ्या लाटा आणि मोडून पुन्हा गोळा करा. मडक्याचं नाव काढू नका.

जोड

आता खरं काम. तळाच्या कडेवर कंगव्याने आडवे-उभे ओरखडे काढा. मातीची पातळ रबडी त्यावर बोटाने लावा. ती नुसती ओल म्हणून नाही, दोन्हीकडच्या ओरखड्यांत भरून एकजीव व्हायला. वळी ठेवा, गोल फिरवा, दोन टोकं तिरकी कापून एकमेकांवर बसवा. पुढच्या वळीचा सांधा याच्या वर येऊ देऊ नका, विटांच्या भिंतीत येऊ देत नाही तसाच.

आणि मग लिंपण. डावा हात बाहेरून आधाराला. उजव्या हाताचा अंगठा आतून, वळीवरून खाली तळाकडे ओढा. दोन वळ्यांमधली खाच दिसेनाशी होईपर्यंत, अंगठ्याच्या रुंदीएवढं पुढे सरकत, पूर्ण फेरा. अंगठा उचलल्यावर मातीवर त्याची छोटी पन्हळ राहते, पुढची पन्हळ तिच्यावर अर्धी चढली पाहिजे. बाहेरूनही तसंच, पण तर्जनीने आणि खालून वर. काहींना बाहेरच्या वळ्यांची नक्षी आवडते, ती ठेवायला हरकत नाही. मात्र आतून लिंपण पक्कं हवं, तिथे सूट नाही.

तीन वळ्या झाल्या की थांबा. काठावर ओलं फडकं, बाकीचं उघडं, आणि तास-दोन तास दुसरं काम करा. बोटाने दाबल्यावर ठसा उमटतो पण भिंत हलत नाही, इतकी घट्ट झाली की पुढच्या तीन. न थांबता आठ वळ्या चढवल्या तर मडकं बसतं. बसतं म्हणजे अगदी माणूस बसतो तसं, पोट पुढे काढून.

दुसऱ्या दिवशीवर ढकलायचं असेल तर काठ झाकायला आमच्याकडे सोय आहे. केळीच्या खांबाचं एक सोपट फाडून आणा. आतून ते ओलं आणि गार असतं, काठावर पालथं घातलं की सकाळपर्यंत माती तशीच राहते. प्लास्टिकखाली पाणी साचून काठ रबडीसारखा होतो, सोपटाखाली होत नाही. जळगाव जिल्ह्यात ते कुणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

आकार वळी कुठे ठेवता त्यावर ठरतो. खालच्या वळीच्या बाहेरच्या कडेवर ठेवली तर मडकं फुलतं, आतल्या कडेवर ठेवली तर आवळतं, बरोबर मध्ये तर सरळ वर जातं. एका वेळी वळीच्या पाव जाडीपेक्षा जास्त सरकू नका. पोट भरलं की गळ्याकडे वळी थोडी बारीक घ्या. काठाची शेवटची वळी मात्र जाड हवी, कारण मडकं उचलताना हात तिलाच लागतो. ओल्या कापडाची घडी काठावर घालून पाट फिरवलात की काठ गुळगुळीत होतो.

पूर्ण उभं राहिल्यावर, माती अजून चामड्यासारखी असताना, आतून गोल दगड धरा आणि बाहेरून थापटण्याने हळूहळू ठोकत फिरा. यात भिंत पातळ होते, जोड आणखी दबतात आणि वेडावाकडा आकार सुधारतो. दगड आणि थापटणं एकाच जागी समोरासमोर हवं. हुकलं की भोक.

आता एक काम सांगतो, जीवावर येईल. पहिलं मडकं भाजू नका. दोरा घेऊन ते वरून खालपर्यंत उभं कापा. कापलेली भिंत बघा. जिथे लिंपण कमी पडलं तिथे दोन वळ्यांमध्ये केसाएवढी काळी रेघ दिसेल, कुठे चिमूटभर पोकळी. माझ्या पहिल्या मडक्यात बाहेरून एकही सांधा दिसत नव्हता आणि कापल्यावर आत नऊच्या नऊ रेघा मोजता आल्या. त्याच मातीचा पुन्हा गोळा झाला, नुकसान काही नाही.

वाळवण आणि घोटणं

सावलीत, पालथं, जाळीवर किंवा काटक्यांवर, म्हणजे तळालाही हवा लागेल. काठ आधी वाळतो आणि आखडतो, तळ अजून ओला असतो, आणि त्या ओढाताणीत काठ फाटतो. म्हणून पहिले तीन दिवस काठावर कापड. बाहेरून चमक हवी असेल तर चामड्यासारखं असतानाच गेरूचं पातळ पाणी लावा. ते जिरलं की गारगोटीने घोटत बसा. पूर्ण वाळल्यावर घोटलं तर चमक येत नाही, नुसते ओरखडे उठतात.

वाळलं की नाही कसं ओळखायचं? गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर रोज वजन लिहा, दोन दिवस तेच वजन आलं की समजा वाळलं. हिवाळ्यात दहा-बारा दिवस धरा.

हे मी अंदाजाने केलं त्याची गोष्ट. एका चैत्रात जिभाऊंचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) घागरींसाठी लागणार होता. घागर भरायला आणि तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवायला सगळ्या गावाला त्याच आठवड्यात घागरी लागतात, त्यामुळे आवा गच्च असतो. त्यांनी तरी माझ्या एका मडक्याला कोपरा दिला. मडकं मला वाळलेलं वाटत होतं. आवा पेटल्यावर तासाभरात आतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. पाण्याची वाफ होताना ते सुमारे सोळाशे पट जागा मागतं आणि जाड भिंतीतून तिला वाट मिळत नाही. दुसऱ्या दिवशी राख उकरली तर माझ्या मडक्याच्या ठिकऱ्यांनी शेजारच्या दोन घागरीही फोडल्या होत्या. जिभाऊ एवढंच म्हणाले, “तुन्हं मडकं वलं व्हतं, भो.” घागरींचे पैसे मी दिले, त्यांनी एकीचेच घेतले. तेव्हापासून वजनकाटा.

भाजणं

पहिली दोन-तीन मडकी कुंभाराच्या आव्यात भाजून घ्यावीत असंच माझं मत आहे. स्वतः करायचं तर वस्तीपासून, कडब्याच्या गंजीपासून लांब, वारा नसलेला दिवस निवडा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. वीतभर खोल खड्डा, तळाला खापऱ्या आणि गोवऱ्यांचा थर. मडकी आधी खड्ड्याच्या कडेला छोट्या आगीजवळ दोन तास फिरवत तापवा, हाताला लावता येणार नाहीत इतकी. मग खड्ड्यात पालथी, एकमेकींना टेकून, सगळीकडून गोवऱ्या रचा, मधल्या जागी पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे तुकडे. वरून फुटक्या खापऱ्या आणि राख. खालून एका बाजूने पेटवा. पऱ्हाट्या भडकून जळतात, गोवऱ्या धुमसत राहतात, दोन्ही हवं. अशा उघड्या आगीत साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअस उष्णता मिळते.

रात्रभर उघडू नका. गार होताना ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण एकदम आकसतात, त्या वेळी वारा लागला तर मडकं चिरतं. सकाळी राख हाताला कोमट लागली की काढा. हवा खेळली तिथे लोहामुळे लाल रंग येतो, धूर कोंडला तिथे काळा. पहिल्या खेपेला दोन्ही मिळतात आणि लोक मुद्दाम केलं का विचारतात.

बोटाच्या पेराने ठोकून बघा. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली ती याच कानाने. पक्कं मडकं खणकन वाजतं, भेग असेल तर बद्द आवाज येतो, आणि कच्चं असेल तर पाण्यात ठेवल्यावर पुन्हा चिखल होतं.

मडक्यात स्वयंपाक करणार असाल तर बाहेरूनही ऑइलपेंट लावू नका. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग मंद आचेवर तांदळाची पेज शिजवून टाकून द्या. पेजेची खळ भोकांत बसते. खापरावरचे मांडे मात्र या मडक्यावर करायला जाऊ नका. ते खापर वेगळं, ते घडवायला हात मुरलेला लागतो आणि मला अजून जमलेलं नाही.

पाण्यासाठी ठेवणार असाल तर भरून खाली ताटली ठेवा. दुसऱ्या दिवशी बाहेरून अंग ओलसर आणि ताटलीत चार थेंब असतील तर छान. ताटली भरली असेल तर भाजण कमी पडलं, त्यात मोगरा लावा. पहिल्या दोन दिवसांचं पाणी मातकट लागतं, ते तुळशीला घाला. तिसऱ्या दिवशीचं प्या.